कुलभूषण जाधव केस आपण 'जिंकलो' म्हणजे नेमकं काय जिंकलो?

स्लो_लोकल_ठाणे

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, आधीच सॉरी.

माझा धाकटा भाऊ पुढच्या महिन्यात अबू धाबीला चाललाय, एसी डक्टिंगच्या साइटवर सुपरवायझर म्हणून, दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट. काल जेवताना आईने विषय काढला, तिकडे काही बरंवाईट झालं तर आपलं सरकार सोडवतं का रे, त्या जाधवांच्या मुलाला तर अजून सोडवलं नाही. मी म्हटलं अगं ती केस आपण हेगच्या आंतरराष्ट्रीय कोर्टात जिंकलोय, हरीश साळव्यांनी एक रुपया फी घेतलेली, सगळ्या चॅनेलवर दाखवत होते की. तर आई शांतपणे म्हणाली, जिंकलो तर मग तो घरी का नाही आला? आणि खरं सांगतो मला उत्तर देता आलं नाही. आमटी वाढून घेतली आणि गप्प बसलो.

मला जेवढं माहितीय ते असं की पवईला घर, वडील मुंबई पोलिसातून रिटायर झालेले, स्वतः नेव्हीत होते, पाकिस्तान म्हणतं हेर म्हणून बलुचिस्तानात पकडला, आपण म्हणतो इराणमधून उचलून नेला, तिथे त्यांचा धंदा होता. मग मिलिटरी कोर्ट, फाशी, मग हेग. त्यापुढे माझी गाडी बंद पडते. तो शब्द सारखा येतो ना, कॉन्सुलर ॲक्सेस, त्यात एवढं काय आहे? वकिलातीचा एक माणूस येऊन भेटला न भेटला, त्याने फाशी थांबते का? आणि पाकिस्तान उद्या उठून फाशी देऊ शकतं का नाही?

अजून एक. डिसेंबर २०१७ ला त्यांची आई आणि बायको इस्लामाबादला भेटायला गेल्या होत्या, मध्ये काच, बोलायला इंटरकॉम, आणि आईला मराठीत बोलू दिलं नाही असं तेव्हा आपल्याच परराष्ट्र खात्याने सांगितलं होतं. माझ्या आईच्या डोक्यात बाकी काही नाही, हे एवढंच पक्कं बसलंय. पोटच्या पोराशी मराठीत नाही तर काय फ्रेंचमध्ये बोलायचं का त्या माऊलीने? असं करता येतं का कायद्याने?

कुणी वकील असेल तर सोप्या भाषेत सांगा प्लीज, म्हणजे आईला सांगता येईल एवढ्या सोप्या.

---

काळा_कोट_शिवाजीनगर

वकील आहे, पण आंतरराष्ट्रीय वगैरे नाही, सेशन्स कोर्टातला साधा फौजदारीवाला. तरी ही केस मी तारखेनुसार फॉलो केलीय म्हणून लिहितो.

आधी तुमच्या आईंच्या प्रश्नाचं उत्तर. आपण हेगला चार गोष्टी मागितल्या होत्या म्हणा: शिक्षा रद्द करा, माणसाला सोडा, सुखरूप घरी पाठवा, आणि वकिलातीला भेटू दिलं नाही हा करारभंग आहे असं जाहीर करा. १७ जुलै २०१९ ला निकाल लागला त्यात शेवटची गोष्ट मिळाली, पहिल्या तीन नाही मिळाल्या. कोर्टाने पाकिस्तानला सांगितलं की तुम्ही करार मोडला, आता या माणसाच्या शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा आणि तोवर फाशी द्यायची नाही. पण फेरविचार कसा करायचा ती पद्धत तुमची तुम्ही ठरवा. म्हणजे परीक्षेचा पेपर रद्द झाला असं समजा, पास कुणी झालं नाही, आणि फेरपरीक्षा घेणार तोच मास्तर. चॅनेलवाल्यांनी फक्त पेपर रद्द झाल्याचे फटाके वाजवले.

१५ विरुद्ध १ मतं होती. विरोधातलं एक मत पाकिस्तानने स्वतः नेमलेल्या न्यायाधीशांचं. चीनच्या न्यायाधीश बाई पण बहुमतात होत्या, हे आपल्याकडे कुणी फारसं सांगत नाही.

आता तो कॉन्सुलर ॲक्सेस. व्हिएन्ना करार आहे १९६३ चा, त्याचं कलम ३६. परक्या देशाचा माणूस पकडला की विनाविलंब त्याला सांगायचं की बाबा तुझ्या वकिलातीला कळवायचा तुला हक्क आहे, आणि तो हो म्हणाला तर कळवायचं. मग वकिलातीचे लोक येऊन भेटू शकतात, पत्र लिहू शकतात, वकील लावून देऊ शकतात. बस एवढंच कलम आहे. जाधवांना ३ मार्च २०१६ ला पकडलं, आपल्याला कळवलं २५ मार्चला. तीन आठवडे. आणि लगेच चार दिवसांनी कबुलीजबाबाचा व्हिडिओ टीव्हीवर! तुम्हीच विचार करा त्या मधल्या दिवसांत खोलीत त्या माणसाबरोबर कोण होतं. त्याच्या बाजूचं कुणीच नव्हतं. त्यानंतर मिलिटरी कोर्ट, बंद दाराआड, आणि १० एप्रिल २०१७ ला जाहीर, फाशी. आपण दहा-बारा वेळा तरी लेखी मागणी केली होती भेटू द्या म्हणून, एकदाही भेट नाही. उलट मधेच पाकिस्तान म्हणालं की आधी तपासात आम्हाला मदत करा मग भेटीचं बघू. हेगच्या कोर्टाने त्यावर सरळ सांगितलं की हा हक्क असा अटी घालून द्यायचा नसतो.

पाकिस्तानचा मोठा मुद्दा होता की हेरांना हे कलम लागूच नाही. कोर्ट म्हणालं करारात असा अपवाद कुठे लिहिलाय दाखवा. दुसरा मुद्दा २००८ चा भारत-पाक करार, त्यात राजकीय किंवा सुरक्षेच्या कारणाने अटक असेल तर त्या केसच्या गुणदोषांवरून ठरवू असं एक वाक्य आहे. ते पण चाललं नाही.

आता भेटीने फाशी थांबते का? भेटीने नाही थांबत. पण फौजदारी केस ही पहिल्या पंधरा दिवसांत बनते किंवा बिघडते, हे मी बावीस वर्षं बघतोय. जबाब, कबुली, सह्या, कोण साक्षीदार, मोबाइल कुणाच्या ताब्यात. तो काळ एकदा गेला की नंतर हरीश साळवे आणा नाहीतर आणखी कुणी, वरच्या कोर्टात फक्त कागदांशी झुंज राहते. वकिलातीचा माणूस त्या पंधरा दिवसांतला असतो, म्हणून ते कलम.

आणि नावं ठेवायची तर आपलंही सांगतो. मागे लीगल एडमधून मला एका आफ्रिकन पोराची केस आली होती, एनडीपीएसची, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखालची. स्वाहिली बोलायचा, इंग्रजी मोडकं. पंचनामा आणि जबाब सगळा शुद्ध मराठीत आणि खाली ते आपलं ठरलेलं वाक्य, 'सदर जबाब मला वाचून दाखविला, तो माझे सांगणेप्रमाणे बरोबर व खरा आहे', आणि त्याच्याखाली त्याची इंग्रजी सही. मी त्याला विचारलं हे काय आहे, तो म्हणाला त्यांनी सांगितलं सही कर मग पाणी देतो. पोलीस स्टेशनचं नाव घेत नाही. त्याच्या वकिलातीला पत्र गेलं ते कितीतरी महिन्यांनी, आणि तेही मीच अर्ज केल्यावर. कुणी मुद्दाम छळलं असंही नाही हो, कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

मराठीच्या प्रश्नावर रात्री लिहितो, आत्ता तारीख पुकारतील.

---

खरं_बोलू_का

हे सगळं वाचून डोकं फिरतं. परक्या देशात जाऊन गुन्हा करायचा आणि मग हक्क हक्क करायचं. जाधवांचं सोडा, ते राजकारण आहे. पण बाकीचे जे ड्रग्ज घेऊन सापडतात, खून करतात, त्यांना कशाला हवेत दुभाषे आणि वकील? तिकडे कायदे कडक आहेत म्हणून तिकडे शिस्त आहे. आपण कसाबला चार वर्षं पोसला, बिर्याणी चारली, वकील दिला सरकारी खर्चाने. जगात कुणी करतं का असं?

---

काळा_कोट_शिवाजीनगर

@खरं_बोलू_का बिर्याणीचं आधी मिटवू. कसाबने बिर्याणी कधी मागितलीच नव्हती आणि सरकारने दिलीही नव्हती, हे खुद्द उज्ज्वल निकमांनी २०१५ मध्ये जाहीर सांगितलं. लोकांची सहानुभूती त्याच्याकडे वळायला लागलीय असं वाटलं म्हणून त्यांनीच ती पुडी सोडली होती. दहा वर्षं झाली तरी लग्नाच्या पंगतीत ती बिर्याणी अजून वाढतायत लोक.

आता वकिलाचं. कसाबला वकील मिळेना, बार असोसिएशनने ठराव केले, ज्या बाईंना कोर्टाने नेमलं त्यांच्या घरावर मोर्चा गेला, दगड पडले. पुढे दुसऱ्या कारणाने त्या बदलल्या, मग काझमी, मग पवार, हायकोर्टात लीगल एडचे दोन वकील, सुप्रीम कोर्टात राजू रामचंद्रन. ६ मे २०१० ला फाशी सुनावली, २९ ऑगस्ट २०१२ ला सुप्रीम कोर्टाने कायम केली, २१ नोव्हेंबर २०१२ ला सकाळी येरवड्यात दिली. आता मला सांगा, या सगळ्याने कसाबचा काय फायदा झाला? काही नाही. फायदा आपला झाला. आज जगात एक माणूस म्हणत नाही की भारताने भलत्याच कुणाला तरी लटकवला. आणि त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपी होते, नकाशे पुरवले असा आरोप होता, ते दोघे पुराव्याअभावी सुटले, वरपर्यंत सुटलेलेच राहिले. वकीलच नसता तर तेही गेले असते की नाही?

सुप्रीम कोर्टाने त्याच निकालात असंही म्हटलं की आरोपीला पहिल्यांदा मॅजिस्ट्रेटसमोर उभं केलं की वकिलाचा हक्क त्याला समजावून सांगणं हे मॅजिस्ट्रेटचं काम आहे, त्याने मागितला नाही म्हणून गप्प बसायचं नाही. कसाबच्या केसमधून निघालेला हा नियम आज माझ्या प्रत्येक अशिलाला लागू होतो, गावच्या पाकीटमारापासून सगळ्यांना.

---

परशुराम_घाट

मी चिपळूणचा, आठ वर्षं सौदीत दम्मामला होतो, आता परत आलोय, आंब्याची कलमं आणि एक वडापची गाडी. वकीलसाहेबांनी पंधरा दिवसांचं लिहिलं ना, ते वाचून माझ्या अंगावर काटा आला कारण मी त्यातले चार दिवस बघून आलोय.

२०१४ ला कंपनीचा पिकअप चालवत होतो, संध्याकाळची मगरिबची वेळ, रस्त्याच्या कडेने एक बांगलादेशी एकदम आडवा आला, ब्रेक मारला तरी लागलाच. मीच त्याला उचलला, मीच फोन केला. शुर्ता म्हणजे तिथले पोलीस आले, त्याला ॲम्ब्युलन्समध्ये आणि मला गाडीत. स्टेशनात एका हवालदाराने माझ्यापुढे अरबीतला कागद सरकवला, उजवीकडून डावीकडे किड्यामुंग्यांसारखी अक्षरं, आणि बोट ठेवून म्हणतोय 'हिना, हिना', म्हणजे इथे, इथे. मी हिंदीत विचारतोय काय लिहिलंय, तो परत हिना हिना. मग समोरच्या टपरीवरचा चहा घेऊन आलेला एक केरळी पोऱ्या होता त्याला हाक मारली, त्याने कागद बघितला आणि मला म्हणाला ॲक्सिडेंट लिखा है भाई, साइन करो, कल छोड देगा. केली सही. वर अंगठा पण, निळ्या शाईचा. ती शाई चार दिवस नखात राहिली, चारच दिवस मी आत होतो म्हणून आठवतंय.

नंतर कळलं त्यात लिहिलं होतं की शंभर टक्के चूक माझी. पोऱ्याची चूक नाही, त्याला पण बाजारातली अरबी येत होती, कागदावरची नाही.

कंपनीचा मंदूब, म्हणजे सरकारी कामं बघणारा माणूस, चार दिवस फिरकला नाही, कंपनीचं नाव काढत नाही, अशा छप्पन्न आहेत. वकिलातीला कळवायचं असतं हे मला माहितीच नव्हतं आणि मला कुणी सांगितलंही नाही. तो बांगलादेशी शुद्धीवर आला आणि देवमाणूस निघाला, म्हणाला मीच धावत आलो, याची काही चूक नाही. तो बोलला म्हणून मी हे टाइप करतोय. तो गेला असता तर दियाची भानगड, म्हणजे मेलेल्याच्या वारसांना द्यायचे पैसे.

@खरं_बोलू_का दादा, मी गुन्हेगार होतो का सांगा बघू.

दियाचं थोडं सांगतो कारण लोकांना वाटतं पैसे फेकले की सुटलो. तसं नाही. खुनाची केस असेल तर मेलेल्याच्या घरच्यांनी माफ केलं पाहिजे, पैसे घेऊन किंवा न घेता, ते नाही म्हणाले तर राजा पण काही करत नाही. शारजात २०१० ला एका पाकिस्तानी माणसाच्या खुनात सतरा भारतीय पोरांना एकदम फाशी सुनावली होती, बहुतेक सगळे पंजाबचे. दुबईतल्या एका सरदारजी बिझनेसमनने दिया भरला, घरच्यांनी माफ केलं, २०१३ ला पोरं घरी आली. आणि तो कोझिकोडचा ड्रायव्हर, रियाधला अठरा वर्षं आत, त्याच्यासाठी केरळवाल्यांनी २०२४ ला ३४ कोटी जमवले. चौतीस कोटी! आपल्याकडे वाडीतल्या देवळाच्या पत्र्याला वर्गणी निघत नाही.

पण केरळचीच ती नर्स, निमिषा प्रिया, खुनाच्या केसमध्ये येमेनच्या साना शहरात अडकलीय बघा, तिथे हुथी बंडखोरांचं राज्य, आपली वकिलात तिथे नाहीच. तिला भेटायला जाणार कोण? १६ जुलै २०२५ तारीख ठरली होती फाशीची, आदल्या दिवशी पुढे ढकलली, तेही सरकारने कमी आणि केरळच्या मौलवींनी जास्त धडपड केली असं आमचे तिकडचे मित्र सांगतात. आपल्या सरकारच्या वकिलाने सुप्रीम कोर्टात सांगितलंच की आम्हाला यात फार काही करता येण्यासारखं नाही.

---

टेक्सासची_सून

मी ह्यूस्टनला असते, माहेर सातारा. इथे बसून लिहिते की हे फक्त पाकिस्तान आणि अरबांचं आहे असं कुणी समजू नका.

ॲरिझोनात दोन जर्मन भाऊ होते, लाग्रांड. १९८२ मध्ये बँक लुटायला गेले आणि मॅनेजरचा खून झाला. हे जर्मन आहेत हे तिथल्या अधिकाऱ्यांना माहीत होतं तरी कलम ३६ त्यांना कुणी सांगितलं नाही, जर्मनीला कळलं १९९२ ला, दहा वर्षांनी, तेही त्या भावांनाच जेलमध्ये दुसऱ्या कैद्यांकडून कळलं म्हणून. फेब्रुवारी १९९९ ला एकाला मारलं. दुसऱ्यासाठी जर्मनी हेगला धावली, कोर्टाने ३ मार्चला सांगितलं थांबा, आणि ॲरिझोनाने त्याच दिवशी त्याला गॅस चेंबरमध्ये घातलं. जर्मनीने केस सोडली नाही. माणूस गेला तरी लढले. २००१ ला निकाल आला की हेगने दिलेला तात्पुरता मनाई हुकूम हा नुसता सल्ला नसतो, तो बंधनकारक असतो, आणि कलम ३६ चा हक्क देशाचा तर आहेच पण त्या माणसाचा स्वतःचा पण आहे. १८ मे २०१७ ला जाधवांची फाशी थांबवणारा जो हुकूम आला ना, आपण अर्ज केल्यापासून दहा दिवसांत, तो पाकिस्तानला झुगारता का आला नाही, तर या दोन मेलेल्या जर्मनांमुळे. मला ही गोष्ट कळली तेव्हा कसंतरीच झालं होतं.

मग मेक्सिकोने अमेरिकेत फाशीची शिक्षा झालेल्या आपल्या ५१ लोकांसाठी केस जिंकली २००४ ला. तोच निकाल, फेरविचार करा. त्यातला एक इथला, ह्यूस्टनचाच, मेडेयीन. दोन शाळकरी मुलींवर बलात्कार करून खून, इतका घाणेरडा गुन्हा की त्याच्या बाजूने बोलायला जीभ वळत नाही. बुशसाहेबांनी स्वतः राज्यांना सांगितलं हेगचं ऐका, टेक्सास म्हणालं तुम्ही कोण सांगणार, सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ ने टेक्सासची बाजू घेतली की हेगचा निकाल आमच्याकडे आपोआप लागू होत नाही, आणि ५ ऑगस्ट २००८ ला त्याला इंजेक्शन दिलं. दरम्यान २००५ मध्येच अमेरिकेने त्या व्हिएन्ना करारातल्या हेगला जायच्या जोडपत्रातून अंगच काढून घेतलं. म्हणजे आज असं काही अमेरिकेने आपल्या माणसाबरोबर केलं तर भारताला जाधवांसारखी केस करता यायची नाही. पाकिस्तानने ते जोडपत्र सोडलं नव्हतं म्हणून आपल्याला दार उघडं होतं. बोलायला विचित्र वाटतं पण आहे हे असं.

---

काळा_कोट_शिवाजीनगर

परत आलो, तारीख पुढची पडली.

टेक्सासच्या ताईंनी लिहिलं ते अगदी बरोबर. त्याला जोडून पाकिस्तानने पुढे काय केलं ते सांगतो. २ सप्टेंबर २०१९ ला पहिल्यांदा आपला अधिकारी भेटला, दोन तास. म्हणजे अटकेनंतर साडेतीन वर्षांनी. मे २०२० ला वटहुकूम काढला की हायकोर्टात फेरविचाराचा अर्ज करता येईल, पुढे २०२१ मध्ये त्याचा कायदा झाला. मग पाकिस्तान म्हणालं जाधव स्वतःच अर्ज करायला नाही म्हणतायत. १६ जुलै २०२० ला दुसरी भेट झाली तेव्हा पाकिस्तानी अधिकारी अगदी जवळ उभे, कॅमेरा चालू, आपले अधिकारी निषेध करून निघून आले, सहीचा कागदसुद्धा त्यांच्यापुढे ठेवता आला नाही. आपण म्हणतो भारतीय वकील द्या, केसचे कागद द्या, एकांतात भेटू द्या. ते म्हणतात वकील पाकिस्तानचाच हवा. गाडी तिथेच रुतलीय. फाशी थांबलीय, माणूस आत आहे.

आता भाषेचं. खटल्यात दुभाष्या मिळणं हा नागरी हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातला हक्क आहे, कलम १४. पाकिस्तानने तो करार मान्य केलाय, सौदी, यूएई, सिंगापूर, मलेशिया यांनी नाही केला. घरच्यांच्या भेटीत कुठली भाषा बोलायची यावर असं नेमकं कलम बोट ठेवून मला दाखवता येणार नाही. पण ती भेट आठवा. दोघींचे कपडे बदलायला लावले, मंगळसूत्र, बांगड्या, टिकली काढून घेतली. आणि सुषमा स्वराज संसदेत म्हणाल्या होत्या, आईच्या गळ्यात मंगळसूत्र नाही बघून मुलाने पहिला प्रश्न विचारला की बाबा कसे आहेत. आता त्याचं उत्तर त्या माऊलीने मनातल्या भाषेत द्यायचं का पहारेकऱ्याला कळेल त्या भाषेत?

आणि खटल्यातली भाषा किती महाग पडते ते बघायचं तर इंडोनेशियातली मेरी जेन वेलोसो. फिलिपिन्सची, मोलकरणीचं काम करायची. २०१० ला योग्यकर्ताच्या विमानतळावर तिच्या बॅगेच्या अस्तरात २.६ किलो हेरॉइन, बॅग दुसऱ्यांनी दिलेली असं ती म्हणत होती. खटल्यात दुभाष्या म्हणून एक विद्यार्थी, तो इंडोनेशियनचं इंग्रजी करायचा आणि हिला धड यायची तागालोग. सहा महिन्यांत फाशी. २९ एप्रिल २०१५ च्या रात्री नुसाकंबांगन बेटावर आठ जणांना गोळ्या घातल्या, ती नववी होती, ऐनवेळी वगळली कारण तिला पाठवणारी बाई फिलिपिन्समध्ये पोलिसांना शरण आली. डिसेंबर २०२४ ला ती मायदेशी परत गेली.

---

खरं_बोलू_का

@परशुराम_घाट काका, तुम्हाला नव्हतं म्हणायचं मला. तो चहावाल्या पोऱ्याचा किस्सा वाचून जरा गप्प झालो. बिर्याणीचं पण माहिती नव्हतं. पण ड्रग्जवाल्यांबद्दल माझं मत तेच आहे, माझ्या वर्गातला एक मुलगा त्यात गेलाय.

---

स्लो_लोकल_ठाणे

सगळ्यांचे आभार. आईला वाचून दाखवलं, वकीलसाहेबांचं फेरपरीक्षेचं तिला लगेच कळलं, म्हणाली म्हणजे मास्तरनेच पेपर दडवून ठेवलाय. मेरी जेनच्या बॅगेपाशी आली आणि गप्प झाली.

मी पण जरा शोधलं. मार्च २०२५ मध्ये सरकारने राज्यसभेत सांगितलं की ४९ भारतीयांना परदेशात फाशीची शिक्षा झालेली आहे, त्यातले २५ एकट्या यूएईत, ११ सौदीत. त्याच सुमारास उत्तर प्रदेशातल्या एका मुलीची बातमी होती, अबू धाबीत मूल सांभाळायला होती, ते बाळ दगावलं. १५ फेब्रुवारीला तिला फाशी दिली, आपल्या वकिलातीला कळवलं २८ ला, आणि तिच्या वडिलांना कळलं ३ मार्चला दिल्ली हायकोर्टात, ते मुलीची खबर मिळावी म्हणून अर्ज करून बसले होते तेव्हा. हे आईला नाही सांगितलं.

आता प्रॅक्टिकल सांगा, भावाने काय करायचं?

---

परशुराम_घाट

भावाला सांग, पासपोर्ट आणि व्हिसाचा फोटो घरी तुझ्याकडे ठेव, नुसता मोबाइलमध्ये नको. वकिलातीचा नंबर कागदावर लिहून पाकिटात, कारण मोबाइल पहिला काढून घेतात. मदद नावाचं सरकारी पोर्टल आहे, तक्रार घरून तू पण टाकू शकतोस. वकिलातीकडे कम्युनिटी वेल्फेअर फंड असतो, गरजू माणसाला वकिलाचा खर्च त्यातून मिळू शकतो, पण मागावा लागतो, आपणहून कुणी आणून देत नाही.

कळत नाही त्या कागदावर सही नाही. दमदाटी केली तरी 'इंडियन एम्बसी' हे दोन शब्द म्हणत राहायचं, ते सगळ्यांना कळतात. मी ते चार दिवसांत एकदा पण म्हटलं नाही.

आणि कुणाचं पार्सल नेऊ नको म्हणावं, सख्ख्या मावशीचं पण नाही. मुंबईचं ते जोडपं आठवतं का, २०१९ ला हनिमूनला कतारला गेलं, ट्रिप नातेवाईक बाईनेच गिफ्ट दिलेली, आणि जर्दा आहे म्हणून दिलेल्या पाकिटात चार किलो चरस. दहा वर्षांची शिक्षा लागली, तिथेच जेलमध्ये बाळंतपण झालं, २०२१ ला निर्दोष सुटून आले. ते सुटले कारण इथे आपल्या अमली पदार्थविरोधी खात्याने, एनसीबीने, मागचे लोक शोधून काढले.

---

स्लो_लोकल_ठाणे

अरे बापरे काका, बरं झालं बोललात. शेजारच्या काकूंचा मुलगा पण अबू धाबीलाच आहे, त्यांनी कालच डबा आणून दिलाय त्याच्यासाठी, डिंकाचे लाडू. पन्नास वर्षांचा शेजार आहे, नाही कसं म्हणायचं? लाडूच आहेत, मी डबा उघडून बघितला.

---

परशुराम_घाट

खसखस आहे का त्यात?

---

स्लो_लोकल_ठाणे

हो, डिंकाच्या लाडवात असतेच ना. का?

---

परशुराम_घाट

खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी. यूएई आणि सौदीत बंदी आहे, लोक आत गेलेत त्यापायी. आख्खा डबा इथेच खाऊन टाका. काकूंना सांगा मीच सांगितलं, चिपळूणच्या माणसाने. आणि आईने भावासाठी अनारसे केले असतील तर ते पण बघा.

---

स्लो_लोकल_ठाणे

केलेत. बॅगेत भरून झालेत. थांबा, काढतो.